पेरणीच्या महिन्यात घेतलेले चौदा गेम

पत्र थोडक्यात असं आहे.

परभणी जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी कृषी सेवा केंद्र चालवणारे हे गृहस्थ ३६ वर्षांचे आहेत. घरी वडील, पत्नी आणि नऊ वर्षांचा मुलगा. लहानपणी मामाकडे टीव्हीला जोडायच्या गेमवर कॉन्ट्रा आणि मारिओ खेळले, कॉलेजात असताना सायबर कॅफेत व्हाइस सिटी आणि काउंटर-स्ट्राइक. ती आवड आजही सुटलेली नाही. रात्री जेवणं उरकली की दहा ते साडेअकरा लॅपटॉपवर खेळतात. लॅपटॉप जुना, सेकंडहँड, ग्राफिक्स कार्ड नसलेला. अभिमानाची गोष्ट अशी की आजवर एकही गेम त्यांनी पूर्ण किमतीला घेतलेला नाही. सगळे सेलमध्ये, बहुतेक दोन-तीनशेच्या आतले. गेल्या वर्षी असे सत्तरच्या आसपास गेम घेतले, १५,००० रुपये गेले. त्यातले वीसेक उघडले, सहा पूर्ण केले. पैसे दुकानाच्या खात्यातून यूपीआयने जातात.

परवा पत्नीने दुकानाचे व्यवहार बघताना एक अनोळखी नाव पुन्हा पुन्हा आलेलं पाहिलं आणि विचारलं, "हे कशाचे पैसे जायलेत?" यांनी सांगून टाकलं, "बिलिंगचं सॉफ्टवेअर आहे." त्यांच्याच गल्लीतल्या एका तरुणाने मोबाइलवरच्या रमीपायी दोन एकर रान घालवलंय, त्यामुळे घरात गेमचं नाव काढायची सोय नाही. पुढे ते लिहितात : "या जूनमध्ये पेरणीच्या गर्दीत महिनाभर एकही गेम उघडला नाही, पण सेल होता म्हणून चौदा घेतले. आणखी स्वस्तात कसे मिळतील ते सांगा. खर्च इतका खाली आला पाहिजे की घरी सांगायची वेळच येऊ नये. का या वयात हे सोडूनच देऊ? नांदेडचा एक मित्र क्रॅक, म्हणजे कुलूप तोडलेली फुकटची प्रत, टाकून देतो म्हणतो. एका साइटवर गेम खात्यात घ्यायचे कोडही चौथाई किमतीला मिळतात. ता. क. : मुलालाही हे दाखवावं असं फार वाटतं."

नमस्कार दुकानदार भाऊ,

आधी वयाचा प्रश्न निकालात काढू, कारण त्यात फार दम नाही. गावात पारावर साठीतली माणसं पत्ते कुटतात, रात्री बारापर्यंत मोबाइलवर क्रिकेट बघतात, त्यांना कोणी वय विचारत नाही. तुम्ही खेळलात तो मारिओ १९८५ सालचा. नव्वदच्या दशकात ज्या पोरांनी त्या पिवळ्या-लाल कॅसेटी फुंकून फुंकून बसवल्या, ती सगळी आज पस्तिशी-चाळिशीत आहेत. त्यातली बरीच अजून खेळतात, फक्त आपल्याकडे चारचौघांत बोलत नाहीत. तेव्हा वयापायी सोडू नका. आणि आत्ता, पकडले गेलो या भीतीपायी तर मुळीच नको. तिरमिरीत सोडलेली गोष्ट पुढच्या सेलला हमखास परत येते.

तुमच्या पत्रातलं मला सगळ्यात महत्त्वाचं वाटलेलं वाक्य तुम्ही जाता जाता लिहिलंय. ते जूनचं.

स्टीम या गेमच्या ऑनलाइन दुकानाचा उन्हाळी सेल जूनच्या शेवटच्या आठवड्यात लागतो आणि जुलैत काही दिवस चालतो. मृग सरून आर्द्रा लागलेल्या असतात. पाऊस झाला असेल तर तुमच्या दारात बियाण्याला आणि डीएपी खताला सकाळपासून माणसं उभी, आणि झाला नसेल तर तीच माणसं आभाळाकडे बघत उधारीची मुदत वाढवून मागायला उभी. दोन्हीकडून रात्री दहाला लॅपटॉप उघडायचं त्राण तुमच्यात राहत नसणार. म्हणून महिनाभर खेळला नाहीत. याचा अर्थ खेळणं तुमच्या ताब्यात आहे. काम आलं की ते मुकाट बाजूला सरकतं, कोणाला सांगावं लागत नाही. हाताबाहेर गेलंय ते घेणं. ज्या महिन्यात खेळायला एक तास मिळाला नाही, नेमक्या त्याच महिन्यात चौदा गेम.

मला असं दिसतं की त्या चौदा गेमच्या नावाने तुम्ही मोकळ्या रात्री विकत घेत होता. दिवसभर उधारीची वही, कंपनीच्या माणसाचे वसुलीचे फोन, "बियाणं उगवलंच नाही" म्हणून भांडायला आलेलं गिऱ्हाईक. रात्री आडवं पडल्यावर मोबाइलवर एक चित्र दिसतं, खाली लिहिलेलं असतं पंचाहत्तर टक्के सूट, आणि मनात येतं, हे निवांत खेळू कधीतरी. दीडशे रुपयांत त्या "कधीतरी"ची तजवीज होते आणि जरा बरं वाटून झोप लागते. यात लाजण्यासारखं काही नाही. फक्त गेम खात्यात येऊन पडतो, रात्र येत नाही. म्हणून आणखी स्वस्तात कसे मिळतील, या तुमच्या प्रश्नाचं उत्तर नुसतं देऊन टाकलं तर मी तुमचं नुकसान करीन असं मला वाटतं. दीडशेचा गेम साठला मिळाला तर तुम्ही चौदाऐवजी पस्तीस घ्याल. कमतरता पैशाची नाहीच, वेळेची आहे.

तुम्ही हिशोबातले माणूस, म्हणून आकडे तुमचेच घेते. १५,००० रुपयांत ७० गेम, म्हणजे एक पडला साधारण २१५ ला. झकास. पण उघडले वीसच, मग एक पडला ७५० ला. सगळा खर्च पूर्ण केलेल्या सहांवर टाकला तर एकेक २,५०० चा. बड्या कंपन्यांचे काही गेम पहिल्या दिवशी याच्याच आसपासच्या किमतीला लागतात. तेव्हा पूर्ण किंमत कधीच मोजली नाही, हा अभिमान जरा तपासून घ्यावा लागेल.

हा हिशोब मीच थोडा खोडते. गेम शेवटापर्यंत नेलाच पाहिजे असा कुठे नियम नाही. चार रात्री मजेत गेल्या आणि पाचव्या रात्री कंटाळा आला, तरी पैसे वसूल. अर्धवट सोडलेल्या चौदांबद्दल मनाला अजिबात लावून घेऊ नका. न उघडलेले पन्नास मात्र कुठल्याच रीतीने वसूल होत नाहीत.

आणि एक गोष्ट तुमच्या बाजूने. स्वस्त गेम हुडकणं हा स्वतःच एक छंद आहे, चांगला चाळीस-पन्नास तासांचा. कुठला गेम कधी उतरला, कुठे किती उतरला, आणखी उतरेल का, हे सगळं डोक्यात ठेवण्यात मजा असते. मार्गशीर्षात लोह्याजवळ माळेगावला खंडोबाची यात्रा भरते. तिथे घोडे बघायला गेलेले सगळेच घोडा घेऊन परत येत नाहीत. दात बघतात, चाल बघतात, भाव काढतात, अमक्याला महाग पडला की स्वस्त यावर तासभर वाद घालतात, आणि भजी खाऊन घरी येतात. यात्रा झालेली असते. तुम्हीही हुडकण्याचा छंद बिनधास्त जपा. फक्त हुडकणं आणि घेणं यांची गाठ सोडवा.

ती सुटते कशी, तर भाव कसे चालतात हे नीट माहीत असलं की. गेमच्या आणखी एका प्रतीला कंपनीला जवळजवळ काहीच खर्च येत नाही. म्हणून पहिल्या दिवशी ज्याला धीर निघत नाही त्याच्याकडून पूर्ण किंमत घ्यायची, वर्षभराने थोडा धीर धरणाऱ्या माणसाकडून निम्मी, आणि मग उरलेल्यांसाठी पाव, अशी ती उतरंड असते. साठा संपला असं त्यात कधी होत नाही. सेलच्या पानावर जे घड्याळ उलटं पळत असतं ते पळू द्या, आज गेलेला भाव दोन-तीन महिन्यांत पुन्हा येतो, बहुतेक वेळा तोच किंवा त्याहून कमी. २०१५ चा विचर ३ मूळ किमतीच्या पाचव्या हिश्शाला किती वेळा मिळाला याची मोजदाद ठेवण्यात अर्थ नाही. निन्टेंडोचे गेम तेवढे अपवाद, ते वर्षानुवर्षं जागचे हलत नाहीत. पण ते ज्यावर चालतात ते निन्टेंडोचं यंत्र तुमच्याकडे नाही, तेव्हा तो ताप नाही.

स्टीमवर २०१५ पासून किमती रुपयांत लागतात आणि पुष्कळ गेमची रुपयांतली किंमत डॉलरच्या हिशोबाने पडली असती त्यापेक्षा कमी ठेवलेली असते. स्टीमडीबी या साइटवर प्रत्येक गेमचा रुपयांतला आजवरचा नीचांक दिसतो. निरनिराळ्या दुकानांतले भाव एकत्र बघायचे तर इज देअर एनी डील आहे. ही माहिती तुम्हाला असेलही, पण तिचा वापर उलटा करून बघा, म्हणजे घेण्यासाठी नव्हे, न घेण्यासाठी. आवडलेला गेम विशलिस्टमध्ये, म्हणजे स्टीमवरच्या हव्याशा गेमच्या यादीत, टाकायचा आणि सोडून द्यायचा. भाव उतरला की स्टीम आपणहून ईमेल करतं. ईमेल आलं की एवढंच विचारायचं, हा मी आज रात्री उघडणार आहे का? नसेन तर तो तिथेच बरा आहे. एक वर्ष विशलिस्टमध्ये पडून राहिलेले कितीतरी गेम नंतर आपल्यालाच नकोसे होतात. तेवढी बचत कुठलाच सेल देत नाही.

तुमच्या धंद्याचं वर्ष बघता मी तर म्हणेन, जूनचा सेल फक्त बघायचा. डिसेंबरच्या उत्तरार्धात हिवाळी सेल लागतो, तो नव्या वर्षाच्या पहिल्या दिवसांपर्यंत चालतो. तोवर सोयाबीनचे पैसे हातात आलेले असतात, तुमची उधारीही काही वसूल झालेली असते, रब्बीची पेरणी उरकलेली असते आणि रात्री मोठ्या असतात. वर्षाची खरेदी तेव्हा एकदाच करा, चार-पाच गेमची. घेतलेला गेम त्याच आठवड्यात उघडा. स्टीमवर घेतल्यापासून चौदा दिवसांच्या आत, आणि दोन तासांपेक्षा कमी खेळला असेल तर, पैसे परत मागता येतात, सेलमध्ये घेतलेला असला तरी. पन्नास गेम न उघडता ठेवून ही सोय तुम्ही पन्नास वेळा वाया घालवली. जूनमधल्या चौदांपैकी एखादा अजून त्या मुदतीत बसत असेल, तर हे वाचून झाल्यावर आधी ते करा.

फुकटाचंही सांगते. एपिकच्या दुकानात दर गुरुवारी एखादा गेम फुकट लागतो, आपल्याकडे रात्री साडेआठला, हिवाळ्यात साडेनऊला. मुदतीत खात्यात घेतला की तो कायमचा तुमचा. २०२० च्या मे महिन्यात तर त्यांनी जीटीए ५ फुकट दिला होता. पण तो सुमारे शंभर जीबीचा. गावात दिवसाला दोन जीबीचा पॅक असेल तर दुसरं काहीही न करता तो उतरवायला पन्नास दिवस. आणि तुमच्या लॅपटॉपवर तो नीट चालेल याची मला आशा नाही. फुकट ते पौष्टिक हे खाण्याच्या बाबतीतही खरं नाही, इथे तर अजिबातच नाही. फुकटचा ढीगही ढीगच.

ग्राफिक्स कार्ड नसणं ही तुमच्या खिशाच्या दृष्टीने चांगली बातमी आहे. जुन्या लॅपटॉपवर जे सुखाने चालतात ते गेम स्वस्तही असतात आणि छोटेही. २००४ चा हाफ-लाइफ २ आणि २००७ चा पोर्टल आजही खेळून बघण्यासारखे आहेत. इन्टू द ब्रीच हा बुद्धिबळाच्या अंगाने जाणारा, पाळीपाळीने चाली करायचा गेम आहे. मध्येच उठून गेलात, कोणी दुकानाची किल्ली मागायला आलं, तरी काही बिघडत नाही. दुकानदाराला असेच गेम सोयीचे. बॅटल फॉर वेसनॉथ आणि ओपनटीटीडी हे तर मुळातच फुकट आहेत, लोकांनी मिळून बनवलेले, आणि त्यात वर्षभर पुरेल इतका मालमसाला आहे. लाईट गेली की राऊटर बंद पडतो आणि गेम नेट मागत बसतो, हा त्रास होत असेल तर जीओजी या दुकानातून घ्या. तिथल्या गेमला कुलूप नसतं. परभणीला नातेवाइकाकडे चांगलं नेट असेल तिथे एकदा फाइल उतरवून हार्डडिस्कवर ठेवली की पुढे नेट लागतच नाही.

आता तो मित्र आणि ती साइट. दोघांनाही नाही म्हणा. उपदेश बाजूला ठेवून आधी धंद्याचं बोलते. ज्या लॅपटॉपवर तुम्ही गेम खेळता त्यावरच दुकानाचं बिलिंग, जीएसटीचं लॉगिन आणि बँक असणार. क्रॅकची फाइल टाकताना पहिली सूचना बहुधा अशी असते की अँटिव्हायरस बंद करा. त्यानंतर आत काय शिरलं हे तुमच्या मित्रालाही कळत नाही, आणि ज्या दिवशी कळतं त्या दिवशी दोनशे रुपये वाचवल्याचा आनंद राहत नाही. चौथाई किमतीचे कोड कुठून आले हेही कोणी सांगत नाही. काही चोरलेल्या कार्डांवर घेतलेले निघतात, मग कंपनी ते रद्द करते आणि गेम तुमच्या खात्यातून जातो. "खातंच भाड्याने देतो" म्हणणारेही भेटतील. मूळ मालकाने पासवर्ड बदलला की तक्रार कुठे करणार? उपदेशाचंही एक वाक्य. पुण्याच्या नॉडिंग हेड्स या स्टुडिओने २०२० मध्ये राजी हा गेम आणला. अशा लहान मंडळींचे गेम सेलमध्ये दोन-तीनशेला मिळत असताना ते क्रॅक करून खेळण्यात कसली हुशारी, हे मला तरी समजत नाही.

इथवरचं सगळं सोपं होतं. खरा प्रश्न घरातला आहे.

वहिनींना गेममधलं काही कळत नाही, म्हणून त्या घाबरतात, असं तुम्ही धरून चालला आहात. मला वाटतं, त्यांना पुरेसं कळतं. त्यांनी एक घर बसलेलं डोळ्यांनी पाहिलंय. अनोळखी नाव, लहान लहान रकमा, पुन्हा पुन्हा, बहुतेक रात्रीच्या, आणि विचारल्यावर नवऱ्याचं गुळमुळीत उत्तर. रमीत बुडणाऱ्या माणसाचं खातंही सुरुवातीला असंच दिसतं. तुमच्या जागी दुसरं कोणी असतं आणि तुम्ही वहिनींच्या जागी असता, तर तुम्हीही तोच संशय घेतला असता. त्यांचं गणित बरोबर आहे, त्यांना एक आकडा कमी मिळालाय, आणि तो तुमच्याकडे आहे.

खर्च खाली आणला तर सांगायची गरज राहणार नाही, असं तुम्ही लिहिता. तो शून्यावर आणून बघा मनातल्या मनात. फक्त फुकटचे गेम खेळताय, यूपीआयमध्ये काही दिसत नाही. तरी वहिनी खोलीत आल्या की लॅपटॉपचं झाकण लावावं लागेलच ना? आणि बिलिंगचं सॉफ्टवेअर दाखवा म्हणाल्या तर? ती थाप एकदा मारली की तिची निगा राखावी लागते. त्यापेक्षा एक वाईट संध्याकाळ परवडली.

ती कशी काढायची ते सांगते. वडिलांसमोर नको, दुकानात गिऱ्हाईक असताना नको. सुरुवात गेमपासून करू नका, थापेपासून करा : "ते बिलिंगचं सॉफ्टवेअर नव्हतं, मी खोटं बोललो." त्यानंतर त्या बोलतील, तेव्हा मध्ये पडू नका. मग स्टीमच्या खात्यात खरेदीचा सगळा इतिहास असतो, तारीख आणि रकमेसकट, तो उघडून लॅपटॉप त्यांच्या हातात द्या. तुम्ही वाचून दाखवू नका, त्यांना वाचू द्या. आणि कृपा करून "बघ, सत्तर गेम फक्त पंधरा हजारांत" असं म्हणू नका. त्या वाक्याने आजवर कुणाचंही समाधान झालेलं नाही.

रमी आणि हे यांतला फरक त्या विचारतील तेव्हा सांगा. रमीत पैसे लावायचे ते जास्त परत येतील या आशेवर, आणि हरलं की भरून काढायला पुन्हा लावायचे. तुमच्या गेममध्ये पैसे एकदाच जातात, बदल्यात गेम येतो, जिंकायचं-हरायचं ते आतल्या आत. २०२५ च्या ऑगस्टमध्ये केंद्राने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा केला, त्यातही ई-स्पोर्ट्स आणि करमणुकीचे खेळ वेगळे काढलेले आहेत. पण बोलण्याची सुरुवात कायद्यापासून करू नका, त्या न्यायालयात बसलेल्या नाहीत. आणि प्रामाणिकपणे हेही सांगा की गेमच्या जगात पैसे उकळणारे प्रकार आहेतच. मोबाइलवरचे कितीतरी गेम फुकट म्हणून हातात देतात आणि मग आत कपडे, बंदुका, नशिबाच्या पेट्या विकत बसतात. तुम्ही त्यात नाही आहात, हे त्यांना कळलं तर तुमच्या शब्दाला वजन येईल.

त्या चिडतील. माझा अंदाज आहे की १५,००० पेक्षा दोन गोष्टींवर जास्त चिडतील : थापेवर, आणि पैसे दुकानाच्या खात्यातले होते यावर. दुसरी गोष्ट तुम्ही पत्रात सहज लिहून गेलात, पण मला ती खटकली. त्या खात्यातले पैसे पुरते तुमचे नसतात, त्यात कंपनीचं देणं असतं, पुढच्या मालाची आगाऊ रक्कम असते. ते आजपासून बंद. घरखर्चातून दोघांसाठी सारखी रक्कम ठरवा, वर्षाला चार-पाच हजार म्हणा, जिचा कोणी कोणाला हिशोब विचारायचा नाही. त्यांनी साडी घ्यावी, भिशीत टाकावी किंवा माहेरी जाऊन उडवावी. तुमची रक्कम वर्षातून एकदा तुमच्या स्वतःच्या खात्यातून स्टीमच्या वॉलेटमध्ये भरा आणि यूपीआय तिथे पुन्हा वापरू नका. वॉलेट रिकामं झालं की यात्रा बघायची, भजी खायची.

एवढं करूनही त्यांना गेम आवडतील असं नाही. "काय पोरखेळ करायलात" म्हणतीलच. म्हणू द्या. त्यांची परवानगी आणि त्यांची आवड या दोन गोष्टी एकदम मागू नका.

असेच प्रश्न विचारणाऱ्या इतरांसाठी दोन शब्द. हेच पत्र लातूरच्या एखाद्या होस्टेलवरून, नीटची तयारी करणाऱ्या मुलाकडून आलं असतं तर मी विशलिस्टबद्दल काहीच बोलले नसते. त्याचा पैसा वडिलांचा आणि वेळ परीक्षेचा, त्याने परीक्षेपर्यंत पाळीपाळीने खेळायचा एखादा फुकटचा गेम ठेवावा, संपला. आणि कोणी लिहिलं असतं की काम पडलं तरी खेळणं थांबत नाही, झोप तीन तासांवर आली, तर मी सेलचं नावही न काढता डॉक्टरांकडे जायला सांगितलं असतं. भाऊ, तुम्ही या दोन्हींत नाही.

आता ता. क. ला उत्तर. मुलाला जरूर दाखवा. नऊ वर्षांच्या मुलाच्या हातात एकट्याने मोबाइल देण्यापेक्षा बापाशेजारी बसून एका पडद्यावर खेळणं केव्हाही चांगलं. सुपरटक्सकार्ट ही गाड्यांची शर्यत फुकट आहे आणि दोघांना एकत्र खेळता येते. स्टारड्यू व्हॅलीही बघा. एरिक बॅरोन या एकट्या माणसाने चार वर्षांहून जास्त काळ खपून बनवलेला हा २०१६ चा शेतीचा गेम, पडदा दुभागून दोघांना खेळता येतो, जेमतेम अर्ध्या जीबीचा, आणि तुमच्या लॅपटॉपवर चालेल. त्यात पेरलं की उगवतं आणि माल कितीही आला तरी भाव पडत नाही, त्यामुळे तुमचं गिऱ्हाईक तो बघून पोट धरून हसेल. एक साधा कंट्रोलर घ्या, दुसऱ्याने कीबोर्डवर खेळावं. स्टीम फॅमिलीजमध्ये घरातल्या सहा जणांपर्यंत खाती जोडता येतात. मुलाचं खातं काढून त्याला रोज किती वेळ आणि कुठले गेम हे तिथेच बांधून द्या. त्या न उघडलेल्या पन्नासांतले बहुतेक गेमही त्याला तिथून मिळतील, त्यातले त्याच्या वयाचे निवडून द्या.

फक्त क्रम चुकवू नका. हे सगळं वहिनींशी बोलून झाल्यावर. आधी मुलाला शिकवलंत, तर "आईला सांगू नको" हेही त्याला तुम्हालाच शिकवावं लागेल.